तिसरी खाच

तुलारामला स्वतःचं वय सांगता येत नसे. मतदार यादीत एक होतं, राशन कार्डावर दुसरं, आणि विचारलंच तर तो म्हणायचा, ज्या साली टेंभरीच्या तलावाची पाळ फुटली त्या साली मी पोहायला शिकलो, आता तुम्हीच मोजा. आम्ही कशाला मोजतो? मोजायचं काम त्याचंच होतं. त्याने ते असं मोजलं की आजही कोणी पोट्टा माझ्यासमोर भिंतीला टेकून 'पाहा, मी केवढा झालो' म्हणाला, की मी त्याच्या अंगावर ओरडतो. बायको म्हणते, तुमचा स्वभावच तिरसट. असेल. पण त्याला कारण आहे.

टेंभरी मोहाडीपासून बैलांच्या रेंगीने दोन तासांवर. गावापेक्षा तलाव मोठा. पाळीवर उभं राहिलं की उत्तरेकडे आंबागडचा डोंगर धूसर दिसतो आणि खाली पाणीच पाणी, अर्धं उघडं, अर्धं शिंगाड्याच्या वेलांनी झाकलेलं. मासे आणि शिंगाडे, एवढ्यावर तिथल्या ढिवरांची पंचवीस घरं जगायची. तुलाराम त्यातला. अंगाने सडसडीत, बोलायला कमी, आणि बोललाच तर समोरच्याच्या डोक्यावरून लांब पाण्याकडे पाहत बोलणार. माझे वडील बाबूलाल यांचं मोहाडीत किराण्याचं दुकान होतं. उपासाच्या दिवसांत शिंगाड्याचं पीठ खपतं, म्हणून ते तुलारामकडून वाळलेले शिंगाडे घ्यायचे. त्या ओळखीतून एकदा त्याने म्हटलं, शेठ, घरच्या मंडळींना आणा, तलाव फिरवतो.

एकाहत्तर सालच्या मार्गशीर्षात आम्ही पहिल्यांदा गेलो. दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर सतरंजी, आणि मधोमध आमच्या आया पितळी डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. तहसील कचेरीतले मधुकरराव सहकुटुंब आले होते. सकाळी निघायचं, तलावाला वळसा घालत पलीकडच्या काठाला लागायचं, तिथे तुलारामची बायको सखाबाई चुलीवर वांग्याची भाजी करून ठेवायची, गोवरीवर भाजलेले पानगे खायचे, आणि ऊन उतरायच्या आत परत. पुढे दरवर्षीचा तो नेमच झाला. मोहाडीतली चार-पाच घरं वर्षभर त्याची वाट पाहायची. आमच्यासारख्यांना दुसरी सैर कुठली, बाप्पा? नागपूर पाहिलं तरी खूप होतं.

पण पहिल्याच फेरीत पोरांनी नाव उलटायची वेळ आणली. लहानांना पाण्यात हात घालायचा होता. मोठ्यांना, म्हणजे तेरा-चौदाच्या पुढच्यांना, काहीच नको होतं. ते वयच तसं, ना पोरात ना थोरात. आईशेजारी बसायला लाज वाटते आणि बापाशी बोलायला तोंड उघडत नाही. मधुकररावांचा थोरला तर कंटाळून नावेच्या टोकावरच चढून बसला. तुलारामने त्याला दंड धरून खाली उतरवलं. पुढच्या वर्षी मात्र नाव ढकलायच्या त्याच्या भरीव बांबूवर तीन खाचा होत्या.

नावेत चढण्याआधी प्रत्येक पोराने त्या बांबूला पाठ लावून उभं राहायचं. पहिल्या खाचेखालचे ते काठवाले. त्यांनी आयांजवळ बसायचं आणि पलीकडे उतरल्यावर शिंपले वेचायचे. पहिलीच्या वरचे गरीवाले. त्यांना कणकेच्या गोळ्या लावलेल्या गरी मिळायच्या, आणि धरलेला मासा कोणाचा यावर भांडायची मोकळीक. डोकं तिसऱ्या खाचेला लागलं की तो वेलवाला. वेलवाल्यांना शिंगाड्याच्या रानात नावेतून खाली उतरता येई. एका हाताने नावेचा काठ घट्ट धरायचा, दुसऱ्याने पान उलटं करून खालचे हिरवे शिंगाडे तोडायचे. काटे बोटांत घुसायचे, पाण्याने अंग काकडायचं, तळचा गाळ पायाला गिळायला पाहायचा, आणि वर बसलेले काठवाले आणि गरीवाले आमच्याकडे देवाकडे पाहावं तसे पाहायचे.

मधली खाच कशाची, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, ती गरीवाल्यांतल्या मोठ्यांची, त्यांनी वल्हं धरायचं. म्हणजे कंटाळलेल्या प्रत्येक पोट्ट्याच्या हाताला त्याने काही ना काही काम दिलं होतं. पोरी आणि पोरं असा भेद नव्हता. मधुकररावांच्या मुलीला तिच्या आईने आता तू मोठी झालीस, इथे बस म्हटलं, तेव्हा तुलाराम म्हणाला की बांबूला पोर आणि पोरगी कळत नाही. मधुकररावांनी त्यालाच विचारलं होतं, वय का नाही पाहत, सरळ दहा वर्षं, पंधरा वर्षं असं ठरव ना. त्यावर तो जे बोलला ते मला पाठ आहे.

"साहेब, मास्तर आमच्या समद्या पोट्ट्यांचा जलम एक जुलैलेच लिहिते. पन पानी का वय इचारते? पानी उंची इचारते."

तिसरी खाच त्याने उगीच कुठेतरी मारली नव्हती. मार्गशीर्षात शिंगाड्याच्या रानात पाणी किती राहतं, पाय गाळात किती जातो, आणि तरी हनुवटी वर राहायला किती उंची लागते, हे त्याने स्वतः त्या पाण्यात उभं राहून, तोच बांबू रोवून मोजलं होतं.

आता बुधरामचं सांगतो. बुधराम तुलारामचा एकुलता एक पोरगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणी त्याला मोठा ताप आला होता, त्यानंतर त्याची वाढच खुंटली. पोहण्यात मात्र मासा. तलावाचा सगळा तळ त्याला हाताने माहीत होता. पण बांबूला उभा राहिला की डोकं तिसऱ्या खाचेखाली. पंच्याहत्तर सालीही खाली, शहात्तरलाही खाली. शहात्तरला मी चौदाव्या वर्षी वेलवाला झालो, आणि सोळा वर्षांचा बुधराम वर बसून दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या गरीला कणीक लावत होता. आम्ही हसलो. मीही हसलो. उगाच साव कशाला बनू?

सखाबाईने नवऱ्याला सगळ्यांदेखत ऐकवलं की तुझा पोरगा या सगळ्यांपेक्षा चांगला पोहतो, त्याला उतरू दे. तुलारामने मान हलवली नाही. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. याचं बरोबर उलटं होतं. "आपल्या पोराले सूट देल्ली," तो म्हणाला, "त मंग बांबू कायले पायजे?" बुधरामने ते ऐकलं आणि कणकेचा गोळा पाण्यात फेकून दिला.

सत्त्याहत्तरच्या मार्गशीर्षात आम्ही टेंभरीला पोचलो, तेव्हा बुधराम येणार नाही असं सखाबाई माझ्या आईला सांगत होती. यंदाही कमी पडलो तर मी चिखल्याच्या खाणीत निघून जाईन, तलावाचं तोंड पाहणार नाही, असं तो म्हणाला होता. पण ऐन वेळी तो आला. मान खाली घालून बांबूला पाठ लावली. तुलारामने त्याच्या डोक्यावर हात सपाट धरला, मागे सरकवला, आणि हात खाचेवर गेला. लागला बुधराम. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सखाबाईने पदर डोळ्यांना लावला. बुधराम हसला नाही. आम्हाला वाटलं, भारावला असेल.

त्याच्या मागे माझी बहीण उभी होती. चंद्रकला, आम्ही चंदा म्हणायचो. अकरा वर्षांची. त्या वर्षी ती अशी वाढली होती की दिवाळीचा परकर मार्गशीर्षात आखूड झाला. तिने बांबूला पाठ लावली, टाचा जमिनीला टेकवल्या, आणि ओरडली, लागली, लागली! तुलारामने हात धरला. खाचेला बरोबर लागत होता. त्याने तो लगेच काढला नाही. चंदाच्या डोक्यावर तो हात बराच वेळ तसाच होता आणि तो बुधरामकडे पाहत होता. मग त्याने हात काढला आणि म्हणाला, वेलवाली.

रानाजवळ नाव थांबली तेव्हा आई नावेच्या मधोमधून म्हणाली, घनश्याम, ती लहान आहे रे, तिला पोहता येत नाही, तिला इकडे पाठव. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मधुकररावांची मुलगी माझ्या शेजारी काठ धरून पाण्यात उतरत होती, आणि आईचं बोलणं ऐकून ती हसली. मला आईचाही राग आला आणि चंदाचाही. मी तिथूनच ओरडलो, "लागली ना बांबूले! बांबू का खोटं बोलते?"

आई पुन्हा डब्यांकडे वळली. चंदा नावेच्या दुसऱ्या अंगाने उतरली.

पुढचं फार नाही. आम्ही शिंगाडे तोडत होतो, कोणी गाणं म्हणत होतं. पलीकडून बुधरामने हाक मारली, मला नाही, बापाला. मी वळेपर्यंत तो बुडी मारून गेला होता, त्याच्या मागे तुलाराम. दोघांनी तिला वर आणलं तेव्हा तिच्या पायाला वेल गुंडाळलेला होता आणि मुठीत दोन शिंगाडे होते. फळ्यांवर तिला पालथी केली, पाठ चोळली, तुलारामने तोंडाला तोंड लावून फुंकलं. काठाला लागेपर्यंत तो फुंकत होता. कोणीतरी त्याला धरून बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी फौजदार पंचनाम्याला आले. अकरा वर्षांची पोर मोठ्यांत कशी, असं त्यांनी विचारलं. तुलाराम म्हणाला, बांबूले लागली होती. मग बुडाली कशी? तो लांब पाण्याकडे पाहत होता. "काठ सोडला पोरीनं," तो म्हणाला. कागदावर तसंच लिहिलं गेलं. महिन्याभराने पाळीवर पोहण्यास मनाई असा फलक लागला. बैल गेला अन् झोपा केला.

तेवढं एक वाक्य आमच्या घरात अकरा वर्षं राहिलं. काठ सोडला पोरीने. आई रडायची कमी आणि चिडायची जास्त. शेजारची पोर आईचं ऐकत नसली की म्हणायची, माझीही अशीच, सांगितलेलं ऐकायची नाही, काठ सोडू नको म्हटलं तर सोडणार. मेलेल्या लेकीवर आईने असं रागवावं, हे ऐकायला फार वाईट असतं. वडिलांनी दुकानात शिंगाड्याचं पीठ ठेवणं बंद केलं. एकादशीला गिऱ्हाईक विचारायचं, तर म्हणायचे, साबुदाणा घेऊन जा. चंदाचा फोटो आईने देवघराजवळ लावू दिला नाही. आतल्या खोलीत दाराच्या मागे लावला.

तुलारामने त्या आठवड्यात दोरखंड कापून दोन्ही डोंगे सुटे केले. एक विकला. पुढे कोणी कितीही म्हटलं तरी त्याने परक्या पोराला नावेत घेतलं नाही. बुधराम उन्हाळ्यात चिखल्याला गेला आणि खाणीच्या कामावर लागला. लोकांना नवल वाटलं. अख्ख्या टेंभरीने टाळ्या वाजवल्या, आता हा वेलवाला झाला, आता तलाव याचाच, तर हा जमिनीखाली मँगनीज फोडायला निघाला! पोळ्याला, दिवाळीला यायचा, जेवायचा, जायचा. पाळीवर चढायचा नाही. बाप-लेकाचं बोलणं, भाजीत मीठ कमी आहे, इतकंच. तुलाराम एकटाच जाळं टाकायचा, सखाबाई मोहाडीच्या बाजारात मासे विकायला बसायची. आमच्या दुकानावरून जाताना ती पदर पुढे ओढायची.

अठ्ठ्याऐंशीच्या आषाढात तिनेच मला बाजारात थांबवलं. तुलाराम अंथरुणावर आहे, एकदा येऊन जा म्हणतो. मी सायकल काढली. मनातून वाटत होतं, म्हातारा माफी मागेल, आपण असू दे म्हणू, संपलं.

झोपडीत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. हाडांवर कातडं तेवढं उरलेलं. त्याने सखाबाईला बाहेर पाठवलं आणि कोपऱ्यातला बांबू माझ्याकडून मागवला. मी तो आडवा त्याच्याजवळ ठेवला. त्याने माझं बोट धरून तिसऱ्या खाचेवर नेलं. मग तेच बोट थोडं वर सरकवलं. तिथे डांबर भरलेलं होतं. नखाने खरवडलं तर डांबर निघालं, आणि खाली दुसरी खाच. जुनी, बोटभर खोल, कडा गुळगुळीत झालेल्या.

"खरी ते व्हय," तो म्हणाला. "खालची मी त्या सकारी मारली. बुधरामसाठी. दोन बोटं."

मला कळायला वेळ लागला. तो थांबत थांबत सांगत होता. बुधरामला दोन बोटांनी काय होणार, तो मासा. बाकीची पोरं ठरलेलीच, गेल्या वर्षीची, कोणी काठवालं, कोणी गरीवालं, ती हिशेबातच नव्हती. चंदा एका वर्षात इतकी वाढली असेल हे त्याला सुचलंच नाही. ती बांबूला लागली तेव्हा कळलं. तिला नाही म्हणायचं तर काहून, ते सांगावं लागलं असतं, आणि मग बुधरामही सगळ्यांदेखत पुन्हा खाली आला असता. डोक्यावर हात ठेवून तो तेवढंच ठरवत होता. तिच्यावर नजर ठेवू, इतकंच तर आहे, असं त्याने ठरवलं.

"पोरीनं काठ नाही सोडला, भाऊ. तिले उभंच नाही राहता आलं, म्हनून हात सुटला. मी खोटं लिवाले सांगतलं. तुमच्या मायले सांगा. पन बुधरामले सांगू नका. त्याले तेवढं एकच भेटलं माह्याकडून."

मी त्याच्या खाटेजवळून उठलो. माझा संताप इतका झाला होता की माझ्या हातून काहीतरी झालं असतं. अकरा वर्षं माझी आई मेलेल्या पोरीला बोल लावत होती, आणि याला काळजी कशाची, तर पोराच्या टाळ्यांची! मी म्हणालो, सांगणार, सगळ्यांना सांगणार. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर सखाबाईने चहाला थांबायला सांगितलं, मी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आणि घरी येऊन मी सांगितलं का? नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत दोन महिने गेले. काहून, ते मला तेव्हा कळत नव्हतं. भादव्यात तुलाराम गेला.

टेंभरीच्या ढिवरांत एक रीत आहे. नावाड्याच्या तिरडीला त्याचाच बांबू लावायचा. मी पोचलो तेव्हा बुधराम अंगणात उकिडवा बसून तिरडी बांधत होता. तिशीला टेकलेला, तेवढाच ठेंगणा, केसांत खाणीची धूळ. दोरी आवळताना त्याचा अंगठा खाचेवर गेला, मग वरच्या खाचेवर गेला, आणि तिथेच राहिला. माझा तोल गेला. मेलेल्याच्या दारात बोलू नये ते मी बोललो. म्हटलं, पाहून घे, दोन खाचा आहेत, तुझ्यासाठी तुझ्या बापाने खाली मारली, आणि त्यात माझी बहीण गेली.

त्याने गाठ पूर्ण बांधली. मग मान वर केली.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "मी रोजच मोजत होतो ना. आदल्या दिशी दोन बोटं कमी होतो. एका राती कोनी वाढते का?"

मग बोलला काहून नाहीस, मी विचारलं. तो म्हणाला, बापाने पहिल्यांदा आपल्यासाठी काही केलं होतं, मी त्याला सगळ्यांत खोटा कसा पाडू? चंदा बांबूला उभी राहिली तेव्हाही त्याला कळलं होतं. तोंड उघडलं होतं, पण बोलला नाही. म्हणून पाण्यात तो तिच्याच बाजूला उतरला होता. तरी हात पोचला नाही. त्यानंतर पाणी पाहवेना, म्हणून चिखला.

म्हणजे बापाने पोराला जपलं, पोराने बापाला जपलं. अकरा वर्षं दोघं एकमेकांसमोर बसून मीठ कमी आहे म्हणत राहिले. माझ्या बहिणीला कोणी जपलं नाही. मी तिरडीला खांदा दिला नाही. सायकल घेऊन सरळ मोहाडीला आलो. रस्ताभर मनात एकच, आता आईला सांगायचं, चंदाचा फोटो दारामागून काढायचा.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दोन खाचा, डांबर, दोन बोटं. म्हटलं, आई, चंदाने काठ सोडला नव्हता. तिने ऐकलं होतं तुझं. तिचा काही दोष नव्हता. त्यांनी बांबूच खोटा केला होता.

आईचा हात ताटात थांबला. मला वाटलं आता रडेल, आणि मी तिच्याजवळ बसायला वाकलो.

"मी त तिले इकडे पाठव म्हटलं होतं," ती म्हणाली. "बांबू का खोटं बोलते, असं कोण ओरडलं होतं रे?"

तिने आवाज चढवला नव्हता. ती खरंच आठवून पाहत होती, आणि मग तिला आठवलं.